मटण-चिकन प्लांटमधली धुलाई, डिसइन्फेक्शन आणि जंतूंचा रेझिस्टन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोल्ट्री प्रोसेसिंगच्या कामात असल्यामुळे क्यूएवाले (मालाचा दर्जा तपासणारे), सुपरवायझर, नवीन लागलेली फूड टेकची मुलं, चिकन शॉपवाले, सगळ्यांकडून तेच तेच प्रश्न येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. उदाहरणं जास्त करून ब्रॉयलर प्लांटची आहेत कारण माझं काम तिथलं, पण म्हशीच्या मांसाचा प्लांट असो की सॉसेज-सलामीचं युनिट, मूळ गोष्टी त्याच आहेत.

धुणं आणि डिसइन्फेक्शन एकच ना? एकाच केमिकलने दोन्ही नाही का होणार?

एकच नाही. धुणं म्हणजे चरबी, रक्त, मांसाचा चुरा, पिसांचा भुगा हे सगळं पृष्ठभागावरून काढून टाकणं, आणि डिसइन्फेक्शन म्हणजे त्यानंतर जे डोळ्याला दिसत नाही ते मारणं. घाणीवर डिसइन्फेक्टंट मारलं तर ते आधी घाणीशीच भिडतं, क्लोरीन तर रक्तातल्या प्रोटीनवर खर्चच होऊन जातं, जंतूपर्यंत पोचायला काही उरतच नाही.

आता यातला हिशोब बघा. डिसइन्फेक्टंटच्या लेबलवर 5 लॉग लिहिलेलं असतं, म्हणजे एक लाखातले 99,999 मेले आणि एक उरला. युरोपची ईएन 1276 नावाची टेस्ट आहे तिच्यात हेच 5 लॉग 5 मिनिटांत करून दाखवावे लागतात. पण ही टेस्ट लॅबमधल्या ट्यूबमध्ये होते, तिथे जंतू पाण्यात सुटे तरंगत असतात आणि घाणही मोजून टाकलेली असते. तुमच्या कटिंग टेबलवर सुरुवातीलाच 10 कोटी जंतू असले तर सगळं लेबलप्रमाणे झालं तरी 1,000 उरणार. तेच आधी नीट धुऊन आकडा 10,000 वर आणला असता तर 5 लॉगनंतर हिशोबाने एकही उरत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की बजेट कमी असेल तर डिसइन्फेक्टंट साधं घ्या पण डिटर्जंट आणि धुवायच्या वेळेत काटकसर करू नका.

मग बरोबर क्रम काय आहे?

आधी कोरडं काम. चुरा, चरबीचे तुकडे, आतडी, पिसं हे सगळं फावड्याने आणि वायपरने गोळा करून क्रेटमध्ये भरायचं, पाईप लावून ड्रेनमध्ये ढकलायचं नाही. हे वगळलं की पाणी दुप्पट लागतं, ड्रेन तुंबतो आणि ईटीपीवाला (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट चालवणारा) तुमच्या नावाने ओरडतो ते वेगळंच. मग कोमट पाण्याने पहिला हात, कमी प्रेशरने, वरून खाली. मग डिटर्जंटचा फोम, मग ब्रशने घासणं, मग स्वच्छ पाण्याने खळखळून धुणं, मग टॉर्च घेऊन तपासणी. हो, टॉर्च घेऊनच, कारण प्लांटचे लाइट वरून असतात आणि घाण खालच्या बाजूला असते. तपासणी पास झाली तरच डिसइन्फेक्टंट, आणि त्याच्या आधी साचलेलं पाणी वायपरने काढायचं. शेवटी सुकवायचं.

हे सुकवणं बहुतेक ठिकाणी होतच नाही. सकाळी 5 ला शिफ्ट सुरू व्हायची असते आणि 4 वाजून 50 मिनिटांपर्यंत पाणी मारणं चालू असतं, मग सगळं ओलंचिंब तसंच लाइनवर जातं. ओलावा राहिला की रात्रभर मेहनत घेऊन जे उरलेसुरले जंतू कमी केले ते पुन्हा वाढायला लागतात, त्यामुळे सुकायला वेळ देणं हे मी डिसइन्फेक्टंटइतकंच महत्त्वाचं धरतो.

पाणी जितकं गरम तितकी चरबी लवकर निघते ना?

चरबीसाठी 45-50 डिग्री पुरतं. 60 च्या वर गेलात की रक्त आणि प्रोटीन स्टीलवर शिजून चिकटतं, आणि एकदा ते चिकटलं की मग कॉस्टिकवाला डिटर्जंटही घाम काढतो. वाफेच्या पाईपने सुरुवातीलाच सगळं धुणारे लोक मी पाहिलेत, दिसायला फार भारी दिसतं पण दोन-तीन महिन्यांत टेबलच्या कडांना पिवळट थर बसतो तो यामुळेच. 82 डिग्रीचं पाणी हे सुरीच्या स्टरलायझरसाठी, धुतलेल्या सुरीसाठी. दोन सुऱ्या ठेवायच्या, एक हातात आणि एक पाण्यात.

फोम किती वेळ ठेवायचा?

10 ते 15 मिनिटं, आणि सुकायच्या आत धुवायचा. उन्हाळ्यात पंखे चालू असतील तर फोम लवकर सुकतो आणि सोडवलेली घाण तिथेच परत बसते, त्यामुळे सगळा हॉल एकदम फोम करू नका, भाग पाडून करा.

हायपो, क्वॅट की पेरासिटिक? नक्की काय घ्यावं?

तिन्हीची जागा वेगळी आहे.

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. फूड कॉन्टॅक्ट सरफेसला 200 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 200 भाग) वापरतात. 5 टक्क्यांचा हायपो असेल तर 10 लिटर पाण्यात 40 मिली टाकलं की 200 पीपीएम होतं, 10 टक्क्यांचा असेल तर 20 मिली. पण हे कॅन ताजा असेल तर! हायपो उन्हात आणि उष्णतेत मरतो, शेडच्या बाहेर मे महिन्यात ठेवलेल्या निळ्या कॅनमध्ये लेबलवर 10 टक्के असलं तरी आत किती उरलंय ते टेस्ट स्ट्रिपशिवाय कळणार नाही. दुसरी गोष्ट पीएच. क्लोरीनमधला मारणारा भाग म्हणजे हायपोक्लोरस अ‍ॅसिड, पाण्याचा पीएच 7.5 असेल तर तो साधारण निम्मा असतो आणि 8.5 ला जेमतेम दहावा भाग उरतो, म्हणजे स्ट्रिप 200 दाखवते पण काम 20 चं होतं. शिवाय स्टीलला खड्डे पाडतो, आणि खड्डे म्हणजे जंतूंना आयती घरं.

क्वॅट म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखी केमिकल्स, 200 ते 400 पीपीएम. वास नाही, गंज नाही, हाताला त्रास कमी, म्हणून कामगारांना आवडतं. पण साबणाचा, म्हणजे अ‍ॅनायॉनिक डिटर्जंटचा अंश राहिला तर तो क्वॅटला बांधून टाकतो, जड पाण्यातही ताकद कमी होते, आणि मुख्य म्हणजे पृष्ठभागावर त्याचा पातळ थर मागे राहतो. हा थर लोकांना फायदा वाटतो, 'रात्रभर काम करत राहतं' म्हणून विकणारेही विकतात, पण त्याबद्दल पुढे बोलू. एक्सपोर्ट करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, युरोपमध्ये अन्नातल्या क्वॅटच्या अंशाला 0.1 मिलिग्रॅम प्रति किलोची मर्यादा आहे.

पेरासिटिक अ‍ॅसिड 100 ते 200 पीपीएमला काम करतं, थंड हॉलमध्येही करतं, बायोफिल्मवर (जंतूंच्या चिकट थरावर, त्याबद्दल पुढे) बाकी दोघांपेक्षा बरं चालतं, आणि तुटून व्हिनेगरमधलं अ‍ॅसिड, पाणी आणि ऑक्सिजन होतं, मागे काही राहत नाही. तोटे म्हणजे महाग, वास डोळ्यात झोंबतो, पितळ-तांबं आणि काही रबर खातं. माझं मत विचाराल तर चिलर आणि पॅकिंगच्या भागात पेरासिटिक, गमबूट वॉशला क्वॅट आणि क्रेट धुवायला ताजा हायपो, इतकं साधं ठेवलं तरी मधल्या साइजच्या प्लांटचं भागतं.

'जंतू आता केमिकलला सरावलेत, काहीच चालत नाही' हे खरं आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरावलेले जंतू खरंच आहेत, ती अफवा नाही. 1998-99 मध्ये अमेरिकेत हॉट डॉगमधून लिस्टेरियाची (खाण्यातून पसरणारा, जीवघेणा ठरू शकणारा जंतू) मोठी साथ झाली होती, त्या साथीतल्या जंतूच्या प्लास्मिडवर (जंतूतला डीएनएचा सुटा गोल तुकडा) नंतर बीसीआर-एबीसी नावाची जीन्स सापडली, ती जंतूला बेन्झाल्कोनियम बाहेर फेकायचा पंप देतात. तशीच क्यूएसी-एच नावाची जीन आहे, ती उडी मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर बसलेली असते आणि फूड प्लांटमध्ये वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या काही लिस्टेरिया स्ट्रेनमध्ये ती वारंवार सापडते.

पण आता आकडा बघा. साध्या लिस्टेरियाची वाढ क्वॅटच्या अगदी थोड्या डोसला थांबते, 1 ते 5 पीपीएम धरा. पंप असलेल्याला त्याच्या काही पट लागतं, तरी ते साधारण 10 ते 20 च्या घरातच असतं. आणि आपण मारतो 200 ते 400. म्हणजे पूर्ण डोस पूर्ण वेळ मिळाला तर सरावलेलाही मरतो. मग तो प्लांटमध्ये टिकतो कसा? कारण त्याच्यापर्यंत 400 पोचतच नाही. फरशीवरच्या डबक्यात स्प्रे पडला की 400 चे 40 होतात, ड्रेनमध्ये 10 होतात, बेल्टच्या खालच्या पट्टीत स्प्रे जातच नाही, डोसिंग पंपात हवा अडकली तर अख्ख्या रात्री नुसतं पाणीच मारलं जातं आणि कोणाला पत्ता नसतो, आणि क्वॅटचा तो मागे राहिलेला पातळ थर ओल्या कोपऱ्यात विरघळून 5-10 पीपीएमचं पाणी तयार करतो. बरोबर त्याच 5-10 च्या पट्ट्यात साधा लिस्टेरिया थांबतो आणि पंपवाला वाढतो, त्याला स्पर्धाच उरत नाही.

म्हणून कोणी 'जंतू स्ट्राँग झालेत' म्हणून फोन केला की मी पहिल्यांदा विचारतो, नोझलच्या तोंडाशी पीपीएम किती आलं? टाकीतलं नाही, नोझलचं. फार वेळा तिथेच उत्तर मिळतं.

बायोफिल्म म्हणजे नेमकं काय?

पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवलं की जो बुळबुळीत थर लागतो, तो बायोफिल्म. जंतू पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती साखर-प्रोटीनचा चिकट पदार्थ सोडतात आणि त्यात वस्ती करून राहतात. त्या थरात डिसइन्फेक्टंट आतपर्यंत जात नाही, शिवाय आतले जंतू अर्धवट झोपलेले असतात, त्यांची वाढ मंद असते, त्यामुळे त्यांच्यावर केमिकलचा परिणामही कमी होतो. तोच जंतू पाण्यात सुटा असताना ज्या डोसला मरतो त्याच्या दहापट, काही वेळा शेकडो पट डोस इथे लागतो. आणि याच्यात कुठलंही जीन बदललेलं नसतं हे लक्षात घ्या, थरातून सुटा केला की तो परत पहिल्यासारखा मरतो.

लिस्टेरिया एकटा फार भक्कम थर बांधत नाही, तो स्यूडोमोनाससारख्या दुसऱ्या जंतूंनी बांधलेल्या थरात जाऊन बसतो. त्यामुळे 'आमच्याकडे पॅथोजेन (आजार करणारा जंतू) नाही, फक्त टोटल काउंट (जंतूंची एकूण संख्या) जास्त येतो' हे ऐकून मला बरं वाटत नाही. थर तयार आहे, भाडेकरू कधीही येईल.

उपाय घासणं. ब्रश, आणि हात. नुसत्या फोमने आणि प्रेशरने जुना थर निघत नाही. अधूनमधून एंझाइमवाला डिटर्जंट वापरता येतो आणि आठवड्यातून एकदा अ‍ॅसिड वॉश पाहिजेच, कारण जड पाण्याच्या क्षारावर थर जास्त पक्का बसतो.

मग केमिकल आलटून-पालटून वापरायचं का?

वापरा, पण कशासाठी ते समजून. क्वॅटनंतर दुसरा क्वॅट आणला, नुसता ब्रँड बदलला, तर काहीच बदललं नाही. आतलं केमिकल वेगळं पाहिजे, क्वॅट असेल तर मधे पेरासिटिक किंवा क्लोरीन. ही ऑक्सिडायझर केमिकल्स जंतूला एकाच जागी मारत नाहीत, सगळीकडूनच जाळतात, त्यांच्याविरुद्ध पंप उपयोगाचा नाही. मात्र खराब धुलाईवर रोटेशन हा इलाज होत नाही.

डोस डबल केला तर?

करू नका. लेबलच्या वर गेलात की अन्नात अंश राहतो, स्टील आणि गॅस्केट खराब होतात, ईटीपीमधले चांगले जंतू मरतात आणि कामगारांच्या छातीत भरतं. घाणीखालचा जंतू डबल डोसमध्येही घाणीखालीच असतो.

आपल्याकडे चिकन-मटण शिजवूनच खातात, मग लिस्टेरियाची एवढी चर्चा का?

कच्च्या चिकनच्या प्लांटसाठी पहिली काळजी साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टरचीच, हे बरोबर. पण आता सलामी, सॉसेज, चिकन हॅम, सँडविचचे स्लाइस हे फ्रीजमधून काढून थेट ब्रेडवर जातं, शहरात तर मुलांच्या डब्यात रोज असतं. आणि लिस्टेरिया फ्रीजच्या 4 डिग्रीलाही वाढतो, हळू वाढतो पण वाढतो.

दक्षिण आफ्रिकेत काय झालं ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. 2017 पासून हॉस्पिटलांमध्ये लिस्टेरियाचे पेशंट वाढायला लागले, नवजात बाळं त्यात खूप होती, आणि कित्येक महिने स्रोत सापडेना. लिस्टेरियाचा त्रासच असा आहे की खाल्ल्यानंतर आजार दिसायला 70 दिवसही लागू शकतात, दोन महिन्यांपूर्वी काय खाल्लं ते कोणाला आठवणार? जानेवारी 2018 मध्ये सोवेटोमधल्या एका पाळणाघरातली लहान मुलं एकदम आजारी पडली, त्यांच्या फ्रीजमध्ये पोलोनी सापडली, पोलोनी म्हणजे तिथलं स्वस्त, शिजवलेलं, स्लाइस करून खायचं सॉसेज. तिथून माग काढत तपास पोलोक्वानेच्या एंटरप्राइज फूड्सच्या प्लांटपर्यंत गेला आणि 4 मार्च 2018 ला आरोग्यमंत्री आरोन मोत्सोआलेदी यांनी तसं जाहीर केलं. जीनोम सिक्वेन्सिंगमध्ये पेशंटमधला आणि प्लांटमधला जंतू एकच निघाला, एसटी6 नावाचा प्रकार. एकूण 1,060 केस आणि 216 मृत्यू. जगातली लिस्टेरियाची आजवरची सगळ्यात मोठी साथ. पोलोनी हे गरिबाचं खाणं होतं, हे मला नेहमी टोचतं.

आणि हे फक्त एका देशाचं नाही. अमेरिकेत 2024 मध्ये व्हर्जिनियातल्या जॅरेटच्या बोअर्स हेड प्लांटमधल्या लिव्हरवुर्स्टमुळे (लिव्हरचं सॉसेज) 61 जण आजारी पडले, 10 दगावले, आणि इन्स्पेक्टरच्या नोंदींमध्ये बुरशी, किडे, भिंतीवर राहिलेले मांसाचे अंश हे आधीपासून परत परत लिहिलेलं होतं. नोंदी होत्या, पण सुधारणा झाली नाही. प्लांट शेवटी बंद केला.

आमची मशीन बाहेरून चकाचक असते, तरी स्वॅब (पृष्ठभाग पुसून घेतलेला लॅबचा नमुना) फेल का होतो?

कारण जंतू बाहेर नसतोच. कॅनडात 2008 मध्ये मेपल लीफ फूड्सच्या टोरंटोच्या प्लांटमधून साथ पसरली, 20 पेक्षा जास्त लोक गेले, आणि सगळा संशय शेवटी स्लायसिंग मशीनच्या अगदी आतल्या भागात साचलेल्या मांसाच्या अंशावर गेला. कंपनी रोज मशीन धुतच होती, पण मशीन बनवणाऱ्याने सांगितलं होतं तेवढंच.

आपल्याकडे बघायच्या जागा सांगतो. बेल्टखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या वेअर स्ट्रिप, त्या स्क्रूने बसवलेल्या असतात, एकदा काढून बघा, खाली करड्या रंगाचा लोण्यासारखा लगदा निघतो आणि वास असा की नाक धरावं लागतं. पोकळ रोलर, ज्यांच्या टोकाची कॅप सैल झालीये. बँडसॉचं खालचं चाक. वेल्डिंगचा न घासलेला जोड. कंट्रोल पॅनेलचं बटण आणि त्याचा रबर. ट्रॉलीची चाकं. चिलरच्या दाराचं गॅस्केट. पिसं काढायच्या मशीनचे रबर फिंगर, भेगा पडलेले, इंग्लंडमधल्या पोल्ट्री प्लांटमध्ये 1980 च्या दशकात याच मशीनमध्ये कायमची वस्ती केलेले आणि क्लोरीनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस सापडले होते. फिंगरला भेग पडली की बदलायचा, तिथे दुसरा उपाय नाही.

म्हणून आठवड्याचं स्ट्रिपडाऊन लिहून ठेवा, कुठलं मशीन कुठल्या रात्री पूर्ण खोलणार, आणि त्या रात्री मेंटेनन्सचा माणूस पाना घेऊन धुलाईवाल्यांसोबत पाहिजे. धुलाईवाल्याला पाना देत नाहीत आणि मेंटेनन्सवाला रात्री येत नाही, या एका फटीत किती प्लांट अडकलेत! स्लायसरसारखं मशीन परत परत पॉझिटिव्ह येत असेल तर ताडपत्री झाकून आत वाफ सोडून आतलं तापमान 70 डिग्रीच्या वर नेतात, जिथे केमिकल पोचत नाही तिथे उष्णता पोचते, पण आधी बेअरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्सचं मशीनवाल्याला विचारून.

ड्रेन कधी आणि कसा धुवायचा?

मशीनवर डिसइन्फेक्टंट मारायच्या आधी, वेगळ्या रंगाच्या ब्रशने, जो दुसऱ्या कशालाच लागणार नाही. आणि ड्रेनमध्ये प्रेशर गन कधीही नाही. ड्रेनमध्ये गन मारली की बारीक तुषार उडतात आणि तासभर हवेत राहून आत्ताच धुतलेल्या टेबलवर बसतात.

एटीपी मीटर घेतलंय, आता कल्चर टेस्ट (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) बंद करू का?

नाही. एटीपी 15 सेकंदांत सांगतं की घाण उरलीये की नाही, कारण मांसाचा अंश आणि जंतू दोघांतही एटीपी हा पेशींमधला पदार्थ असतो. जंतू किती, कुठला, हे तो सांगत नाही. शिवाय एका कंपनीचा आरएलयू (मीटरवरचा आकडा) दुसऱ्या कंपनीच्या मीटरशी जुळत नाही, तुमची पास-फेल लाइन तुमच्याच प्लांटमध्ये काही आठवडे मोजून ठरवायची. धुलाईनंतर लगेच एटीपी, आणि ठरलेल्या दिवशी लॅबचे स्वॅब, दोन्ही.

स्वॅब पॉझिटिव्ह आला की मालक चिडतात, मग मुलं सोप्या जागेचा स्वॅब घेतात. काय करायचं?

हे मालकांनीच वाचावं म्हणून लिहितो. ज्या प्लांटच्या ड्रेनमधून वर्षभरात एकही पॉझिटिव्ह आलेला नाही तिथे बहुतेक वेळा शोधणंच थांबलेलं असतं. स्वॅब घेणारा पोरगा टेबलच्या मधोमध पुसून आणणार, कारण काल पॉझिटिव्ह आणला तेव्हा त्याला बोलणी बसली. अवघड जागा शोधून आणणाऱ्याला शाबासकी द्या. फरशी, ड्रेन, चाकं इथे लिस्टेरियाची कुठलीही जात सापडली तरी खूण समजा आणि तिथून मशीनकडे माग काढा, मालात सापडेपर्यंत थांबू नका. आणि स्वॅब शिफ्ट सुरू होऊन 3-4 तास झाल्यावर घ्या, मशीन हलायला लागल्यावर आतला जंतू बाहेर येतो, धुतल्या धुतल्या घेतलेला स्वॅब नेहमीच गोड असतो.

केमिकलचा रेझिस्टन्स आणि अँटिबायोटिकचा रेझिस्टन्स, यांचा काही संबंध आहे का?

आहे, पण जेवढा घाबरवून सांगतात तेवढा सरळ नाही. दोन वाटा आहेत. एक म्हणजे पंप, लिस्टेरियात क्वॅटच्या कमी डोसला सरावलेले काही जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनलाही थोडे कमी दाद देतात. दुसरी वाट, क्वॅटचं जीन आणि अँटिबायोटिकचं जीन एकाच डीएनएच्या तुकड्यावर शेजारी बसलेली असतात, अशा जीन्स गोळा करणाऱ्या इंटिग्रॉन नावाच्या तुकड्यात क्वॅटचं एक जीन आणि सल्फा औषधाचं सल-1 कायम जोडीने सापडतात. म्हणजे फरशीवर 10 पीपीएम क्वॅट ठेवलात तर तुम्ही नकळत सल्फाला न जुमानणाऱ्या जंतूलाही जपताय.

पण अँटिबायोटिक रेझिस्टन्सचा मोठा भाग शेडमधून, म्हणजे कोंबडीबरोबर येतो. 2015 मध्ये चीनमध्ये डुकरांच्या जंतूंमध्ये कोलिस्टिनला हरवणारं एमसीआर-1 जीन सापडलं आणि जगभर खळबळ झाली, कारण कोलिस्टिन हे आयसीयूतलं शेवटचं औषध. आपल्या सरकारने जुलै 2019 मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली, हा फार चांगला निर्णय होता. प्लांटचं काम हे की तो जंतू एका पक्ष्यावरून हजार पक्ष्यांवर जाऊ नये, आणि क्रेट धुतल्याशिवाय परत फार्मला जाऊ नयेत. ट्रकवर विष्ठा लागलेले क्रेट तसेच परत जाताना मी रोज हायवेला बघतो आणि जीव तुटतो.

आणि एक, अँटिबायोटिकला न जुमानणारा साल्मोनेला हायपोला किंवा पेरासिटिकला साधारण बाकीच्यांसारखाच मरतो. त्यामुळे 'सुपरबग'साठी वेगळं महागडं केमिकल कोणी विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, चालेल का?

पिण्यायोग्य असेल तर चालेल, पण जडपणा तपासा. आयएस 10500 मध्ये (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) जडपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. ईएन 1276 ची टेस्ट होते 300 च्या पाण्यात. म्हणजे तुमचं बोअर 550 चं असेल तर पिण्याच्या नियमात बसेलही, पण केमिकल ज्या पाण्यात पास झालंय त्याच्यापेक्षा ते किती तरी जड आहे. मराठवाडा, सोलापूर, नगरकडच्या लोकांनी हे नक्की बघा. सॉफ्टनर लावला तर डिटर्जंटही कमी लागतो, पैसे वसूल होतात.

कायदा काय म्हणतो?

2006 चा फूड सेफ्टी कायदा आणि 2011 च्या लायसन्सिंग नियमांचं शेड्यूल 4, त्याचा भाग 4 खास कत्तलखाना आणि मांस प्रक्रियेसाठी आहे. एक्सपोर्टला अपेडाची (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) नोंदणी आणि घेणाऱ्या देशाचे नियम वेगळे. शेड्यूल 4 एकदा स्वतः वाचा, कन्सल्टंटच्या फाइलवर विसंबून राहू नका.

फॉगिंग (डिसइन्फेक्टंटचा धूर-तुषार हवेत सोडणं) केलं तर रोजची धुलाई कमी करता येईल का?

नाही. फॉगचा कण वरून खाली बसतो, टेबलच्या खालच्या बाजूला आणि बेल्टच्या आत जात नाही. धुलाईनंतर वरची भर म्हणून ठीक.

माझं छोटं चिकन शॉप आहे, एवढं सगळं कसं जमणार?

यातलं थोडंच लागतं. लाकडी ओंडका असेल तर रात्री आधी सत्तूरच्या पात्याने वरचा चिकट थर खरवडून काढा, मग कोमट पाणी आणि साबणाने ब्रश मारा, मग 200 पीपीएम हायपो 5 मिनिटं, मग पाणी, आणि ओंडका आडवा न ठेवता उभा करून वाळू द्या. भेगा पडल्या असतील तर वरचा थर सुताराकडून तासून घ्या, जमलं तर जाड प्लास्टिकचा ठोकळा घ्या. पिसं काढायच्या ड्रमचे रबर फिंगर रोज मागच्या बाजूनेही धुवा. दिवसभर एकाच बादलीत फडकं बुडवून पुसत राहणं बंद करा, दुपारी 12 पर्यंत त्या बादलीतलं पाणी ओंडक्यापेक्षा घाण झालेलं असतं. आणि गल्ल्यावरचा हात आणि मांसावरचा हात वेगळा ठेवा, दोन माणसं असतील तर काम वाटून घ्या.

घरी आणलेलं चिकन नळाखाली धुवायचं का?

धुतल्याने जंतू जात नाहीत, सिंकभर उडतात, शेजारी कोथिंबीर ठेवलेली असते तिच्यावरही. आपल्याकडे धुतल्याशिवाय मन मानत नाही हे मला माहीत आहे, तर मग भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, धार सोडू नका, आणि सिंक लगेच साबणाने घासा. नीट शिजलं की काम होतं.

धुलाईवाल्या कामगारांसाठी काय काय पाहिजे?

गॉगल, कोपरापर्यंतचे हातमोजे, गमबूट, एप्रन, आणि पेरासिटिक असेल तर मास्क आणि हवा खेळती. हायपो आणि अ‍ॅसिड एकाच खोलीत, एकाच बादलीत, एकामागोमाग न धुता, कधीच नाही, क्लोरीन गॅस तयार होतो आणि माणूस तिथेच कोसळतो. कॅनचे रंग वेगळे ठेवा आणि लेबल मराठीत आणि हिंदीत लावा, कारण रात्री काम करणारी बरीच मुलं बाहेरच्या राज्यातली असतात आणि इंग्रजी लेबल त्यांच्या काही कामाचं नाही. मशीन खोलायच्या आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप, आणि किल्ली धुणाऱ्याच्याच खिशात.

आणि त्यांना वेळ द्या. प्रॉडक्शन दोन तास लांबलं की तो वेळ नेहमी धुलाईतून कापला जातो, कारण सकाळच्या गाड्या थांबू शकत नाहीत आणि धुलाईवाला कॉन्ट्रॅक्टचा असतो, तो काही बोलत नाही. प्लॅनिंगच्या शीटवर धुलाईचे तास प्रॉडक्शनच्या तासांसारखेच पक्के लिहा आणि ते कापायचे असतील तर क्यूएची सही लागेल असं ठरवा. ज्या रात्री सही मिळाली नाही त्या दिवशी लाइन उशिरा सुरू होईल, गाड्या थांबतील.